गॅलिएनसची नाणी : एका वर्णनसूचीच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

काकांच्या पत्र्याच्या डब्यातली सगळी नाणी आज पहिल्यांदा एकदम टेबलावर मांडली. काका नोकरीनिमित्त अकरा वर्षे मिलानला होते आणि परतताना त्यांनी ही नाणी रीतसर पावत्यांसह आणली होती. खाकी कागदाची एकतीस छोटी पाकिटे आहेत. प्रत्येकावर त्यांच्या बारीक अक्षरात पेन्सिलने क्रमांक आणि पुढे ‘गॅलिएनस’ हे रोमन सम्राटाचे नाव एवढेच लिहिलेले आहे. काका गेल्यावर डबा माझ्याकडे आला, त्याला आता चार वर्षे झाली. मराठीत सातवाहनांच्या, क्षत्रपांच्या आणि शिवराईच्या नाण्यांबद्दल जसे तपशीलवार वाचायला मिळते, तसे रोमच्या या पडत्या काळातल्या नाण्यांबद्दल मला वाचायला मिळाले नाही, म्हणून या एकतीस नाण्यांची मराठी वर्णनसूची करायची, असे ठरवले आहे.

प्रत्येक नाण्याला एक पान द्यायचे. त्यात वजन, व्यास, दर्शनी बाजू, मागील बाजू, दोन्हीकडचे लेख, टांकसाळ, अंदाजे वर्ष आणि ते नाणे पडले तेव्हा साम्राज्यात काय चालले होते, एवढे असावे. शेवटच्या मुद्द्यासाठीच हा खटाटोप आहे. गॅलिएनसने इ.स. २५३ ते २६८ अशी पंधरा वर्षे राज्य केले, त्यांतली पहिली सात वडिलांच्या, म्हणजे व्हॅलेरियनच्या जोडीने आणि उरलेली एकट्याने. इ.स. २३५ ते २८४ या अर्ध्या शतकात, जेव्हा सम्राट दोन-तीन वर्षांतच मारले जात होते, तेव्हा इतका काळ दुसरा कोणी टिकला नाही. तरीही लॅटिन इतिहासकारांनी त्याला आळशी आणि विलासी ठरवले. नाणी काय सांगतात, ते मला पाहायचे आहे.

१५ जून २०२४

वजने घेतली. काटा एक शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा आहे. सर्वांत जड नाणे ३.८७ ग्रॅमचे आणि सर्वांत हलके १.९४ ग्रॅमचे निघाले. ही सगळी नाणी एकाच जातीची आहेत. आजचे अभ्यासक या जातीला ‘अंतोनिनियानुस’ म्हणतात, कारण ती कॅराकॅला या सम्राटाने इ.स. २१५ मध्ये सुरू केली आणि त्याचे अधिकृत नाव अंतोनिनस होते. त्या काळचे लोक तिला काय म्हणत, हे कुठे लिहिलेले सापडत नाही. सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांसारखे टोकदार आरे असलेला मुकुट ही तिची खूण होय. सम्राज्ञीचे नाणे असेल, तर खांद्याखाली चंद्रकोर असते. आरंभी हे नाणे सुमारे पाच ग्रॅमचे होते आणि ते दोन देनारियुसांच्या, म्हणजे रोमच्या जुन्या चांदीच्या नाण्यांच्या, मोलाने चालत असावे, असे मानतात. वजन मात्र दीड देनारियुसाइतकेच होते, त्यामुळे जन्मतःच त्यात थोडी उसनवारी होती.

मग नाण्यांची वर्गवारी केली, आणि त्यासाठी एक सोपी युक्ती उपयोगी पडली. वडील हयात असतानाच्या नाण्यांवर सम्राटाचे नाव लांबलचक असते, ‘इम्पेरातोर कैसर पुब्लियुस लिकिनियुस गॅलिएनुस ऑगुस्तुस’ याचे लघुरूप. एकट्याच्या कारकिर्दीत ते आखडत जाऊन बहुधा ‘गॅलिएनुस ऑग’ एवढेच उरते. लांब नावाची आठ, आखूड नावाची वीस आणि त्याची पत्नी सालोनिना हिची दोन अशी तीस नाणी जागेवर बसली.

क्रमांक ३१ मात्र बसेना. त्याच्या लेखावर हिरव्या-करड्या मातीचे कठीण पुट चढले आहे आणि फक्त शेवटची पाच अक्षरे, ‘...उस ऑग’ एवढीच दिसतात. ते ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत घातले आहे. घाई करायची नाही.

२२ जून २०२४

लांब नावाच्या आठ नाण्यांची पाने लिहून झाली. त्यांत क्रमांक ४ सर्वांत देखणे आहे. मागील बाजूला एका खांबावर शत्रूची शस्त्रे आणि चिलखत बांधून उभारलेले विजयचिन्ह आहे, त्याच्या पायाशी दोन्ही बाजूंना हात मागे बांधलेले दोन कैदी बसले आहेत आणि भोवती ‘गेर्मानिकुस माक्स’ ही अक्षरे व त्यापुढे पाचाचा आकडा आहे. जर्मन टोळ्यांवर पाचव्यांदा मिळवलेला विजय असा त्याचा अर्थ होतो. हे नाणे ऱ्हाइनकाठच्या कोलोनचे आहे. भिंगाखाली डावीकडच्या कैद्याची दाढी आणि टोपीचे टोक स्वच्छ दिसते. मोठ्या मनगटी घड्याळाच्या तबकडीहूनही लहान चकतीवर ठसा खोदणाऱ्याने हे काम केले आहे, आणि तेही पगारासाठी थांबलेल्या सैन्याच्या घाईगर्दीत.

इथे थोडा कौटुंबिक तपशील लिहून ठेवतो, कारण पुढच्या पानांना तो लागेल. साम्राज्य एकट्याला सांभाळणे अशक्य आहे, हे ओळखून बापलेकांनी कामाची वाटणी केली. व्हॅलेरियन पूर्वेकडे इराणच्या सासानी राजाशी लढायला गेला आणि गॅलिएनस ऱ्हाइन व डॅन्यूब या नद्यांच्या सरहद्दीवर राहिला. त्याचा थोरला मुलगा धाकटा व्हॅलेरियन इ.स. २५८ मध्ये वारला. दुसरा मुलगा सालोनिनुस याला त्याने कोलोनला ठेवले. डब्यात या दोन्ही मुलांची नाणी नाहीत, याचे वाईट वाटते.

३० जून २०२४

आजची नोंद इ.स. २६० या एका वर्षाची आहे आणि ती लांबणार आहे.

त्या वर्षी एडेसाजवळ व्हॅलेरियन जिवंत पकडला गेला. परक्या राजाच्या हाती कैद होणारा तो पहिलाच रोमन सम्राट. पहिल्या शापूरने, म्हणजे त्याच सासानी राजाने, नक्श-इ-रुस्तम इथे कोरून घेतलेल्या शिलालेखात, आपण स्वतःच्या हाताने त्याला पकडले, असे म्हटले आहे. तिथल्याच कड्यावरच्या शिल्पात घोड्यावर बसलेल्या शापूरने एका उभ्या रोमनाचे मनगट धरलेले दिसते. व्हॅलेरियन परत आला नाही.

नाण्यांवर याची एक ओळही नाही. ‘सम्राट कैदेत आहेत’, ‘सूड घेऊ’, ‘देवांनो, त्यांना सोडवा’, यांतले काही नाही. गेले दोन आठवडे मी त्याची खूण शोधत होतो आणि काल रात्री दोन नाणी शेजारी ठेवली तेव्हा ती सापडली. लॅटिनमध्ये ‘ऑगस्टसांची’ असे बहुवचन लघुरूपात लिहायचे असेल, तर शेवटचे ‘जी’ हे अक्षर दोनदा कोरतात, दोन सम्राट म्हणून दोन ‘जी’. क्रमांक ६ वर ‘व्हिर्तुस ऑगग’ आहे, म्हणजे दोन ऑगस्टसांचे शौर्य. क्रमांक ११ वर भाला आणि ढाल घेतलेला तसाच सैनिक तसाच उभा आहे, तिथे ‘व्हिर्तुस ऑग’ एवढेच आहे. एक अक्षर कमी झाले. बाप गेल्याचे राज्याने दिलेले हे एवढेच जाहीर पत्रक होय. खोदणाऱ्याला ठशात एक अक्षर कमी कोरायला सांगताना टांकसाळीच्या अधिकाऱ्याने काय शब्द वापरले असतील, याचा विचार मनातून जात नाही.

पूर्वेकडच्या टांकसाळीने व्हॅलेरियनच्या हयातीत त्याला ‘पूर्वेचा पुनरुद्धारक’ म्हणणारी नाणी काढली होती. तीही चलनात होतीच, आणि सम्राट शापूरच्या कैदेत असताना ती बाजारात हातोहात फिरत राहिली असणार.

त्याच वर्षी बाकीचे बांधही फुटले. डॅन्यूबवर इंगेनुउस आणि त्याच्यामागून रेगालियानुस हे सेनापती सम्राट म्हणून उभे राहिले. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, पोस्टुमुसने बंड केले, कोलोनला वेढा घातला आणि सालोनिनुस मारला गेला. पूर्वेत माक्रियानुसने आपल्या दोन मुलांना सम्राटपदी बसवले, कारण तो स्वतः पायाने अधू होता. जर्मन टोळ्या थेट इटलीत उतरल्या. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे १९९२ मध्ये सापडलेल्या विजयवेदीवर इ.स. २६० च्या एप्रिलमधल्या लढाईची नोंद आहे. इटलीतून पकडून नेलेली हजारो माणसे त्या लढाईत सोडवण्यात आली, असे तीत कोरले आहे. बाप शत्रूच्या कैदेत, मुलगा मारलेला, साम्राज्याचे तीन तुकडे झालेले. या माणसाने तिथून पुढे आठ वर्षे काढली. त्याला आळशी म्हणणे मला पटत नाही.

६ जुलै २०२४

नाणी जमवणाऱ्या एका स्नेह्यांकडून पोस्टुमुसचे एक नाणे दोन दिवसांसाठी मागून आणले. त्याच्या मागील बाजूला वल्ह्यांची नौका आणि ‘लाएतितिया ऑग’, म्हणजे सम्राटाचा आनंद, असा लेख आहे. ते क्रमांक १४ च्या शेजारी ठेवले. दोन्ही नाणी साधारण एकाच काळातली आहेत. पोस्टुमुसचे नाणे करड्या पांढऱ्या रंगाचे आहे, त्याची चकती गोल आहे आणि ते जमिनीवर पडले, तर चांदीच्या जवळपासचा आवाज येईल असे वाटते. गॅलिएनसचे तपकिरी आहे, कडेला फाटले आहे आणि ठसा अर्धा चकतीच्या बाहेर गेला आहे.

याचे कारण नकाशात आहे. पोस्टुमुसकडे गॉल, ब्रिटन आणि स्पेन गेले. पूर्वेकडचा कारभार माक्रियानुसाच्या पराभवानंतर सिरियातल्या पाल्मिराच्या ओडेनाथसच्या हाती होता. तो गॅलिएनसच्या नावानेच लढत असे, पण तिथला महसूल रोमला पोचत होता असे नाही. गॅलिएनसकडे इटली, बाल्कन, उत्तर आफ्रिका आणि पुढे इजिप्त एवढेच उरले आणि सर्वांत लांब, सर्वांत अंगावर येणारी सरहद्दही त्याच्याच वाट्याला आली. उत्पन्न घटले, सैन्याचा खर्च घटला नाही. ज्याला चार सरहद्दींवर एकाच वेळी पगार वाटायचा आहे, त्याच्यापुढे दोनच वाटा असतात : कमी सैनिक ठेवायचे किंवा तेवढ्याच चांदीची जास्त नाणी पाडायची.

१३ जुलै २०२४

क्रमांक १७. डब्यातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे नाणे हेच आहे आणि काकांनाही तसेच वाटत असावे, कारण त्याच्या पाकिटात कापसाचा तुकडा घातलेला होता.

मागील बाजूला लांडगीण उभी आहे आणि तिच्या पोटाखाली दोन बाळे दूध पीत आहेत. लेख असा : ‘लेग दोन इताल’, त्यापुढे सातचा आकडा आणि ‘पी’, पुन्हा सातचा आकडा आणि ‘एफ’. म्हणजे ‘दुसरी इटालिका पलटण, सातव्यांदा एकनिष्ठ, सातव्यांदा इमानी’. इ.स. २६० नंतर लगेच मिलानच्या टांकसाळीने ही मालिका काढली. तीत सतरा पलटणींची आणि सम्राटाच्या अंगरक्षक तुकड्यांची नावे येतात. प्रत्येकीचे चिन्ह निराळे आहे. पहिल्या आद्युत्रिक्सचा मकर, तिसऱ्या इटालिकाचा करकोचा, दुसऱ्या आद्युत्रिक्सचा पंख असलेला घोडा, चौथ्या फ्लाव्हियाचा सिंह. त्यांच्या नावांपुढे कधी पाच, कधी सहा, कधी सात असा आकडा येतो.

हा आकडा वाचताना मी बराच वेळ थांबलो. इमान मोजले जात होते. प्रत्येक वेळी कुठला तरी सेनापती स्वतःला सम्राट म्हणवून घेत होता आणि प्रत्येक वेळी गॅलिएनसबरोबर राहिलेल्या तुकड्यांना त्याची पोच मिळत होती. आणखी एक गोष्ट अशी की या यादीत ऱ्हाइनवरच्या पलटणींचीही नावे आहेत, पहिली मिनेर्व्हिया आणि तिसावी उल्पिया अशी, ज्यांची मूळ ठाणी तेव्हा पोस्टुमुसच्या ताब्यात होती. याचा अर्थ त्या पलटणींमधून काढलेल्या तुकड्या इटलीत सम्राटाबरोबर होत्या आणि त्यांनी घराकडे पाठ करून त्याचा पक्ष धरला होता. त्यांच्यातल्या एखाद्या सैनिकाच्या हाती पगाराच्या दिवशी स्वतःच्या पलटणीचे चिन्ह असलेले नाणे पडले असेल, तर त्यातली चांदी किती हे त्याने त्या क्षणी पाहिले असेल असे मला वाटत नाही.

मिलानच का, हेही इथेच नोंदवतो. आल्प्सच्या खिंडींमधून गॉल किंवा डॅन्यूब यांपैकी कुणीही इटलीत उतरले, तरी वाट मिलानच्या मैदानातून जाते. गॅलिएनसने तिथे घोडदळाची मोठी फिरती फौज ठेवली आणि तिला पगार देण्यासाठी टांकसाळही तिथेच घातली. पुढे सिस्किया इथेही, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या सिसाकला, त्याने टांकसाळ उघडली. पैसा सैन्याजवळ पाडायचा, ही त्याची रीत त्याच्यामागून आलेल्या सम्राटांनी चालू ठेवली.

१८ जुलै २०२४

पुण्यात सलग पाऊस आहे. क्रमांक ९ आणि २२ यांच्या कडेला फिकट हिरवी भुकटी दिसली. तांब्यातल्या क्षारांना दमट हवा मिळाली की हा रोग पसरतो आणि नाणे आतून पोखरले जाते. दोन्ही वेगळी काढली, बाकीच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. क्रमांक ३१ चे पाणी पाचव्यांदा बदलले. बाभळीच्या काट्याने एका अक्षरावरचे पुट किंचित हलले.

२७ जुलै २०२४

ओळखीच्या सराफांकडे सोन्याचा कस दाखवणारे क्ष-किरणांचे यंत्र आहे. त्यांनी दुकान उघडण्याआधी अर्धा तास दिला. क्रमांक २६ यंत्रात ठेवले आणि पडद्यावर चांदीचा आकडा नऊ टक्क्यांच्या आसपास आला. हे नाणे इ.स. २६६ नंतरचे, म्हणून मला खटकले. सराफांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “अहो, हे यंत्र वरवरचे सांगते. पोटात काय आहे, ते याला कळत नाही. फुटलेले एखादे असेल तर द्या.” क्रमांक २३ ची कड तुटलेली आहे. त्याच्या तुटलेल्या जागेवर यंत्राची नजर धरली, तेव्हा आकडा तीनाच्याही खाली उतरला आणि बाकी जवळजवळ सगळे तांबे, थोडे कथील, थोडे शिसे.

त्यांनीच कारणही सांगितले. चांदी घातलेल्या तांब्याची चकती तापवून आम्लात बुडवली की वरच्या थरातले तांबे विरघळते आणि चांदीची पातळ साय मागे राहते. जुने कारागीर हिणकस चांदीचे दागिने असेच उजळत. ठसा मारला की ती साय घट्ट बसते. टांकसाळीतून निघाले तेव्हा ते नाणे पांढरे चकचकीत होते आणि काही महिने हातांतून फिरल्यावर आरे असलेल्या मुकुटावर आणि गालावर तांबडा रंग उघडा पडत असणार. क्रमांक २३ वर सम्राटाच्या कानामागच्या खळग्यात ती साय अजून शिल्लक आहे. भिंगाखाली ती नखाएवढीही नाही, पण आहे.

कॅराकॅलाच्या वेळी या नाण्यात निम्म्याच्या आसपास चांदी होती, बापलेकांच्या कारकिर्दीच्या आरंभी साधारण पाचवा हिस्सा आणि इ.स. २६८ मध्ये दोन-तीन टक्के. रोमच्या टांकसाळीत शेवटी बारा कारखाने चालत होते. ते त्यांच्या नाण्यावरच्या अक्षरांवरून ओळखता येतात : आधी ग्रीक अंक आणि दहापासून रोमन. लेख मात्र उलट्या दिशेने गेले. वीस नाण्यांच्या लेखांची यादी आज एका पानावर काढली : ‘विपुलता’, ‘शाश्वत शांती’, ‘सुबत्ता’, ‘सैन्याची निष्ठा’, ‘कायमची सुरक्षितता’. ज्या नाण्यावर ‘कायमची सुरक्षितता’ खांबाला टेकून उभी आहे, तेच क्रमांक २३.

हे खोटेपण होते का, याचा निकाल मला लगेच लावता येत नाही. नाण्यावरचा लेख ही त्या काळची प्रार्थनाही होती.

लोकांनी मात्र धातू पाहिला असावा. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या कचऱ्यात सापडलेल्या एका पपायरसमध्ये इ.स. २६० चा हुकूम आहे. सराफांनी पेढ्या बंद केल्या आहेत आणि ते सम्राटांची नाणी घेत नाहीत, तेव्हा त्यांनी पेढ्या उघडाव्यात आणि उघड खोटी असतील ती सोडून सर्व नाणी स्वीकारावीत, नाहीतर शिक्षा होईल, असे जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने बजावले आहे. तिथे चालणारी नाणी अलेक्झांड्रियाची, म्हणजे आपल्या नाण्यांहून वेगळी होती आणि सम्राट होते माक्रियानुसचे दोन मुलगे. सराफांना धातूची भीती होती की आज आहेत आणि उद्या नाहीत अशा सम्राटांच्या तोंडवळ्यांची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला दुसरे कारण अधिक जवळचे वाटते. हा मजकूर दुकानात वाचून दाखवला, तेव्हा आमचे सराफ काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

३ ऑगस्ट २०२४

रेगालियानुसचे नाणे आपल्याकडे नाही आणि ते परवडणारेही नाही, पण सूचीच्या प्रस्तावनेत त्याचा उल्लेख हवा. डॅन्यूबवरच्या कार्नुन्तुमला त्याला धड टांकसाळ मिळाली नाही, म्हणून त्याने जुने देनारियुस गोळा करून त्यांच्यावरच आपला आणि आपल्या पत्नीचा, द्रियान्तिलाचा, ठसा मारला. खालचा जुना सम्राट नव्याच्या दाढीतून डोकावतो. मराठी वाचकाला हे समजवायला नाशिकजवळच्या जोगलटेंभीचा दाखला देता येईल. तिथे १९०६ मध्ये नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. फरक हेतूचा आहे : गौतमीपुत्राने जिंकलेल्या शत्रूचे नाव पुसले, रेगालियानुसकडे दुसरा धातूच नव्हता.

११ ऑगस्ट २०२४

आज टीकेचे पान लिहिले. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या चरित्रसंग्रहात गॅलिएनसची जी निंदा आहे, ती वाचून मन उद्विग्न होते. इजिप्त गेले असे कळल्यावर तिथल्या तागाच्या कापडावाचून आपले काय अडले, असे तो म्हणाला आणि गॉल गेल्यावर तिथल्या झग्यांबद्दलही तसेच, असे त्यात लिहिले आहे. हे लिखाण सिनेटच्या बाजूच्या माणसाचे आहे आणि त्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. गॅलिएनसने सिनेटरांना सैन्याच्या अधिकारपदांपासून दूर केले आणि खालून वर चढलेल्या अनुभवी शिपायांच्या हाती पलटणी दिल्या. पुढे साम्राज्य सावरणारे इलिरियाचे, म्हणजे बाल्कनच्या पश्चिम भागातले, सम्राट याच माणसांमधून आले. ज्यांचा मान गेला, त्यांनी लेखणी धरली.

त्याने ख्रिस्ती लोकांवरचा वडिलांच्या काळचा छळ थांबवून त्यांची प्रार्थनास्थळे परत दिली. प्लोटायनस या तत्त्वज्ञाला त्याने आणि सालोनिनाने मान दिला. तो ग्रीसमधल्या एल्युसिसच्या गूढ विधींत दीक्षित झाला. रोममध्ये एस्क्विलिन टेकडीवरच्या कमानीवर त्याला उद्देशून कोरलेला लेख आजही आहे आणि त्यात, याच्या अजिंक्य शौर्यावर मात केली ती फक्त याच्या धर्मशीलतेने, असे म्हटले आहे.

एका सोन्याच्या नाण्याबद्दलही याच पानावर लिहायचे आहे. त्यावर गव्हाच्या ओंब्यांचा मुकुट घातलेला गॅलिएनस आहे आणि लेख स्त्रीलिंगी आहे, ‘गॅलिएनाए ऑगुस्ताए’. मागे ‘सर्वत्र शांती’. जुन्या अभ्यासकांनी ही बंडखोरांनी केलेली टवाळी मानली. पण सोन्याचे नाणे सम्राटाच्या टांकसाळीतून निघते आणि ओंब्या धान्यदेवतेच्या आहेत, म्हणून एल्युसिसच्या देवीशी त्याने स्वतःला जोडले, हा अर्थ मला अधिक सयुक्तिक वाटतो. काहींच्या मते हे संबोधनाचे रूप आहे आणि स्पेलिंग तेवढे निराळे आहे. तिन्ही मते सूचीत द्यावीत, असे ठरवले.

२४ ऑगस्ट २०२४

प्राण्यांची नाणी. क्रमांक २४ ते ३० ही सात नाणी रोमच्या टांकसाळीतून इ.स. २६७ आणि २६८ मध्ये निघालेल्या मालिकेतली आहेत. प्रत्येकावर एका देवाचे नाव, त्याच्या पुढे ‘कॉन्स ऑग’, म्हणजे ‘सम्राटाचा रक्षक’, आणि त्या देवाचा प्राणी. सूर्याचा पंख असलेला घोडा, डायानाची हरिणी, अपोलोचा धनुर्धारी नराश्व, नेपच्यूनचा मत्स्यपुच्छ घोडा, ज्युपिटरचा बोकड, हर्क्युलिसचा रानडुक्कर. क्रमांक २५ वर लिबेरचा, म्हणजे मद्यदेवाचा, चित्ता आहे : एक पुढचा पाय उचललेला, शेपटी वर वळलेली, मान मागे फिरवून तो कुणाकडे तरी पाहतो आहे. त्याच्या खाली ‘बी’ हे दुसऱ्या कारखान्याचे अक्षर आहे. सालोनिनाच्या दोन नाण्यांपैकी एकावर जूनोची हरिणी आहे, म्हणजे तेही याच मालिकेत धरायला हवे.

त्या दोन वर्षांत हेरुली टोळ्या जहाजांतून एजियन समुद्रात शिरल्या आणि त्यांनी अथेन्स लुटले. ओडेनाथसचा खून झाला आणि पूर्वेचा आधारही गेला. सैन्याच्या निष्ठेचे आकडे देणारी नाणी आता थांबली होती. ज्या टांकसाळीने सात वर्षांपूर्वी पलटणींची नावे एकेक करून कोरली, तिच्या सोबतिणीने आता देवांची नावे एकेक करून कोरली. चांदी अशी या नाण्यांत नाहीच, पण ठसे खोदणाऱ्याचा हात उतरलेला नाही. क्रमांक २५ च्या चित्त्याच्या पाठीवरचे ठिपके सुद्धा टोचलेले दिसतात, आणि मला हे फार महत्त्वाचे वाटते.

३१ ऑगस्ट २०२४

आज क्रमांक ३१ चे पुट निघाले. त्याआधी शेवटच्या पानाचा मजकूर लिहून झाला होता, तो असा.

इ.स. २६८ मध्ये मिलानच्या घोडदळाचा सरदार आउरेओलुस फिरला. ज्या फौजेवर गॅलिएनसची सारी भिस्त होती, तीच ही फौज. आउरेओलुसने मिलानच्या टांकसाळीतून पोस्टुमुसच्या नावाने नाणी काढली आणि त्यांवर ‘घोडदळाची निष्ठा’, ‘घोडदळाची एकी’ असे लेख घातले. गॅलिएनस डॅन्यूबकडून परतला, त्याने आउरेओलुसला हरवले आणि मिलानला वेढा दिला. त्या वेढ्यात त्याच्याच सेनाधिकाऱ्यांनी कट केला. शत्रू बाहेर पडतो आहे, अशी खोटी बातमी आणली गेली, तो अंगरक्षकांची वाट न पाहता तंबूतून निघाला आणि दाल्मेशियन घोडदळाच्या नायकाने त्याला मारले, असे सांगितले जाते. सैनिक खवळले, तेव्हा त्यांना माणशी वीस सोन्याची नाणी कबूल करावी लागली. रोममध्ये त्याच्या नातलगांची कत्तल झाली. नवा सम्राट दुसरा क्लॉडियस याने ती थांबवली आणि सिनेटला गॅलिएनसची देवांत गणना करायला लावली.

हे लिहून मी क्रमांक ३१ पाण्यातून काढून पुसले आणि भिंगाखाली धरले. मुकुट तोच, आखूड दाढी तीच, कपाळावर वळलेले केस तेच. मागील बाजूला दोन निशाणे धरलेली निष्ठा उभी आहे आणि ‘फिदेस एक्सेर्कि’, सैन्याची निष्ठा, हा लेख आहे. बाजूला अकरावा कारखाना. दर्शनी बाजूच्या लेखातली आधीची अक्षरे काट्याने एकेक मोकळी केली, तेव्हा ‘उस’च्या मागे ‘दि’ निघाला, मग ‘क्लॉ’. ‘इम्प सी क्लॉदियुस ऑग’. ठसा खोदणाऱ्याला नव्या सम्राटाचा चेहरा अजून नीट ठाऊक नव्हता, म्हणून त्याने हाताला सवयीचा असलेला चेहरा खोदला आणि नाव तेवढे बदलले.

काकांची चूक अगदी समजण्यासारखी आहे. पाकिटावरचे त्यांचे ‘गॅलिएनस’ खोडले नाही. त्याच्या खाली, त्यांच्याच पेन्सिलने, ‘दुसरा क्लॉडियस, रोम, इ.स. २६८-२६९’ असे लिहून पाकीट डब्यात शेवटी ठेवले.